ऊसतोडीचा सीझन आणि रानमांजराची पिल्लं : माझ्या नोंदी

१२ डिसेंबर

दोन रविवार जंगली प्राण्यांच्या रेस्क्यू सेंटरच्या ट्रेनिंगमध्ये गेले, आजपासून वही सुरू. तिथल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलंय पिल्लाचं वजन, वेळ, किती पाजलं, शी कशी झाली सगळं लिहायचं. म्हणलं मग बाकीचंही लिहून टाकू, नंतर कोणी विचारलं तर आठवत बसायला नको.

मी यात आलो तो काय प्राण्यांचं लय प्रेम होतं म्हणून नाही. नारायणगावात माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, सेंटरचे दोन ट्रॅप कॅमेरे (समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे) दुरुस्तीला आलेले, आत पाणी जाऊन बोर्डावर हिरवं चढलेलं. एक चालू केला, दुसरा मेलाच होता. तेव्हापासून कॅमेऱ्याचं काही असलं की मला फोन, आणि मग हळूहळू बॅटरी पोचवायला जा, क्रेट पोचवायला जा असं करत करत व्हॉलंटियरच्या लिस्टमध्ये नाव लागलं.

जंगली पिल्लू असेल तिथं बोलायचं नाही, नाव ठेवायचं नाही, फोटो फक्त रेकॉर्डला. आणि माझ्या दुकानात एक मांजर पडीक असते त्यामुळं मला वेगळा नियम, आंघोळ करून धुतलेले कपडे घालून यायचं आणि दारातल्या ब्लीचच्या पाण्यात चप्पल बुडवून मगच आत. घरच्या मांजरीचा एक व्हायरस असतो, उलट्या-जुलाब होतात, तो जमिनीवर महिनोन्महिने टिकतो म्हणे आणि जंगली पिल्लांना दोन दिवसांत संपवतो. हे ऐकल्यापासून मी मांजरीला दुकानातून हाकलायचा प्रयत्न करतोय. ती जात नाही.

गाडीच्या डिकीत आता कायम : जाड हातमोजे, दोन टॉवेल, किचनचा वजनकाटा, गरम पाणी भरायला कोल्ड्रिंकच्या बाटल्या, ओआरएस, बॅटरी, एक कॅमेरा.

१९ डिसेंबर

पहिला कॉल. वनखात्याच्या गार्डचा फोन अकराला, ओतूरच्या अलीकडं उसाच्या फडात बिबट्याची तीन पिल्लं, तू कॅमेरा घेऊन ये. आमच्या भागात हे नवीन नाही. धरणं झाली, कुकडीचं पाणी आलं, पाण्यामागनं ऊस आला आणि वर्षभर उभ्या उसात लपायला जागा मिळाल्यावर बिबटे काय डोंगरात परत जातायत होय. त्यांच्या कितीतरी पिढ्या उसातच जन्मल्यात. नोव्हेंबरपासून तोडणी सुरू झाली की फड मागं मागं सरकतो आणि शेवटच्या चार सऱ्यांत पिल्लं सापडतात. बिबट्याचीच नाही, रानमांजराची, कोल्ह्याची पण.

पोचलो तर चाळीसेक माणूस, निम्म्यांचे मोबाइल वर. पिल्लं एका टोपल्याखाली. गार्डनं टोपलं उचललं आणि मला म्हणला बघ, बिबट्या? म्हणलं नाही. ट्रेनिंगमध्ये फोटो दाखवलेले त्याचा उपयोग झाला. बिबट्याच्या पिल्लाचे कान गोल, पंजे अंगाच्या मानानं थोराड, अंगभर गच्च काळे ठिपके आणि शेपूट लांब. याचे कान टोकदार, पायावर फिकट पट्टे, शेपूट आखूड आणि तिला काळी कडी. रानमांजर. आमच्याकडची म्हातारी माणसं बाऊल म्हणतात. डोळे नुकते उघडत होते, म्हणजे दहा-बारा दिवसांची. बिबट्या नाही म्हणल्यावर निम्मी गर्दी आपोआप गेली, हे एक बरं झालं.

टोपलं कोणी ठेवलं विचारलं तर ऊसतोडीच्या टोळीतल्या एक ताई पुढं आल्या, बीडकडच्या. कोयता मारणार तेवढ्यात पाचट (उसाची वाळलेली पानं) हललं म्हणे, मग नवऱ्याला थांबवलं आणि कुत्री येऊ नयेत म्हणून टोपलं झाकलं. मुकादम वैतागलेला, कारण तोड थांबली की गाडी भरत नाही आणि यांचं सगळं टनावर. गार्ड सांगत होता की या कडेच्या दहा सऱ्या आज रात्र उभ्या ठेवा, पिल्लं जिथं सापडली तिथंच ठेवायची, आई येऊन नेईल. शेतकरी म्हणतोय कारखान्याची गाडी परत कधी येणार. अर्धा तास हेच चाललं. शेवटी ताईच म्हणाल्या, "मुकादम, आपण पल्याडच्या अंगानं लागू, हे उद्याला बघू." आणि मला म्हणाल्या, "मला बी कळतंय की दादा, माझं लेकरू बी तिकडं पाचटावरच निजलंय." वळून बघितलं तर खरंच, बैलगाडीखाली पाचटावर साडी अंथरून एक पोरगं झोपलेलं, त्याच्यावरच्या दांडीला पाण्याची बाटली लटकवलेली.

गर्दीतला एकजण सारखा म्हणत होता, माणसाचा हात लागला, आता आई घेणार नाही. हे सगळीकडं ऐकायला मिळतं. तसं काही नसतं. वासापायी आई पोरं टाकत नाही, ती भिते गर्दीला. चाळीस माणसं उभी असतील तर कशी येईल. म्हणून पिल्लं ठेवण्याइतकंच आपण तिथून निघून जाणं महत्त्वाचं.

क्रेटात पाचट घातलं, पिल्लं ठेवली, साडेपाचला सगळे बाहेर. कॅमेरा मी बांबूला बांधला.

२० डिसेंबर

सकाळी सहाला क्रेट रिकामा! आत मुताचा उग्र वास आणि पाचटात तीन खळगे. एवढा आनंद मला पहिला आयफोन उघडून परत चालू केला तेव्हा झालेला.

कार्ड काढून बघितलं. ९:४२ ला काहीतरी. १०:२५ ला काहीतरी. १:१० ला काहीतरी. तिन्ही वेळा पाठ आणि शेपटाचं टोक. मी कॅमेरा कमरेच्या उंचीला बांधलेला, माणसाचं बघून. मांजर गुडघ्याएवढं पण नसतं. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त वहीत लिहायला लावलं : छोट्या प्राण्याला जमिनीपासून एक वीत ते फूटभर.

६ जानेवारी

आज सेंटरला दोन पिल्लं आली, रानमांजराचीच, साधारण दोन आठवड्यांची. कुठल्या फडातली हे कोणालाच माहीत नाही. उसाच्या ट्रॉलीत सापडली, ट्रॉलीवाल्यानं वाटेत एकाला दिली, त्यानं पोरांना खेळायला घरी नेली. चार दिवस. गाईचं दूध आणि दुधात बिस्कीट. मग जुलाब लागल्यावर कोणीतरी वनखात्याच्या हेल्पलाइनला, १९२६ ला फोन केला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानटी पिल्लं घरात ठेवणं गुन्हा आहे हे त्या माणसाला गार्डनं सांगितलं तर तो रडकुंडीला आला, म्हणे चांगलं करायला गेलो. मला त्याचं वाईट पण वाटलं आणि राग पण आला. पहिल्याच संध्याकाळी फोन केला असता तर ट्रॉली कुठल्या फडातली ते निघालं असतं आणि सेंटरचं दार पण बघावं लागलं नसतं.

वजन : मोठं २९५ ग्रॅम, छोटं २४०. दोन्ही गार. माझा हात लगेच दुधाच्या बाटलीकडं, मॅडमनी अडवलं. गार पिल्लाला दूध दिलं तर ते पोटात नुसतं पडून राहतं, नासतं. आधी ऊब, मग ओआरएसचं पाणी, मग दूध, आणि ते पण गाईचं नाही, मांजराच्या पिल्लांची पावडर मिळते ती. दोन तास टॉवेलात गुंडाळलेल्या गरम बाटल्यांमध्ये ठेवली. छोटं एकदा जांभई देऊन परत झोपलं.

८ जानेवारी

नाईट शिफ्ट माझी. दर तीन तासांनी. पिल्लू पालथं धरायचं, आई पाजताना जसं पोटावर असतं तसं, आपल्या बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध श्वासनलिकेत जातं. वजनाच्या पाच टक्के एका वेळी, म्हणजे मोठ्याला चौदा-पंधरा मिली. पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं मागून हलकं पुसायचं, त्याशिवाय शी-शू होत नाही, आई चाटते म्हणून होते. रात्री तीनला मोबाइल दुकानवाला माणूस कापसानं मांजराचं बूड पुसतोय, बायकोनं व्हिडिओ कॉल केला आणि काही न बोलता ठेवून दिला.

मोठं बाटली ओढून घेतं. छोटं चोखतच नाही, चघळत बसतं.

११ जानेवारी

छोटं गेलं, पहाटे पाचला.

लिहायचंच आहे तर नीट लिहितो. ८ तारखेच्या रात्री ते चोखत नव्हतं म्हणून मी निपलचं भोक सुई तापवून थोडं मोठं केलं. मला वाटलं जोर कमी पडतोय, सोपं जाईल. दूध भसकन आलं आणि नाकातून बुडबुडा आला. मी लगेच उलटं धरून नाक पुसलं, नंतर ठीक वाटलं म्हणून सकाळी हँडओव्हर देताना सांगितलं नाही. विसरलो असं नाही. सांगितलं नाही. ९ ला श्वास घरघरायला लागला, न्यूमोनिया, मॅडमनी अँटिबायोटिक दिलं, नेब्युलायझर लावला, पण २४० ग्रॅमच्या जिवात असतं काय. १० ला दुपारी मी सांगितलं नाकातून आलेलं ते. मॅडम एवढंच म्हणाल्या, "त्याच दिवशी सांगितलं असतं तर बारा तास आधी औषध सुरू झालं असतं." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोठं ३२० ग्रॅम. निपल नवीन.

१५ जानेवारी

दोन दिवस संक्रांतीचे, येणारे सगळे पक्षी पतंगाच्या मांजात अडकलेले. काल एक घार आणि दोन बगळे, आज परत घार. नायलॉन मांजावर बंदी येऊन किती वर्षं झाली, २०१७ पासून आहे, तरी दुकानात मागच्या बाजूनं मिळतोच. मांजा दिसला की ओढायचा नाही, दोन्हीकडून कापून पक्ष्यासकट खोक्यात घालून आणायचा, कारण ओढला की तो अजून आत जातो, पंखाच्या पुढच्या कडेला जी पातळ कातडी असते ती करवतल्यासारखी कापत. कालच्या घारीचं तेवढ्यावर भागलं, टाके पडले. आजच्या घारीचं हाड दिसत होतं.

२ फेब्रुवारी

६४० ग्रॅम. दात आलेत, बाटलीचं निपल काल चावून तोडलं (शोधलं, गिळलेलं नव्हतं, खोक्यात सापडलं). चिकनचा खिमा सुरू केलाय. आज दार उघडल्या उघडल्या माझ्यावर फिस्सकन आलं, पाठ कमान करून, अंगावरचे सगळे केस उभे. मॅडम एकदम खूश. मला जरा लागलं खरं, महिनाभर रात्री मीच पाजतोय. पण आता पाजणारे हात कमी करायचे, ताट आतून न जाता पाइपातून ढकलायचं, आणि मी दोन आठवडे तिकडं फिरकायचं नाही असं ठरलंय. माझ्या पायांचा आवाज ओळखतं म्हणे.

१८ फेब्रुवारी

यावेळी खरोखर बिबट्याची. दोन पिल्लं. हे सगळं वनखात्याचं आणि डॉक्टरांचं काम, व्हॉलंटियरनं हात लावायचा नाही, मी फक्त कॅमेरेवाला. पिल्लं तपासली, गोचीड काढले, क्रेटात घालून सापडलेल्या जागीच संध्याकाळी ठेवली. पण रात्री आई आलीच नाही. कार्डावर एक मुंगूस.

दिवसा गावात तापलेलं वातावरण. एका काकांची शेळी मागच्या महिन्यात नेलेली, पंचनामा झाला, भरपाई अजून यायचीय. ते म्हणले, "पिल्लं उचलून माणिकडोहच्या बिबट्या सेंटरला न्या की, तिथं पिंजरे आहेत ना, परत आमच्याच बांधावर कशाला ठेवताय?" वनखात्याच्या आरएफओ (रेंज ऑफिसर) साहेबांनी समजावलं की तिथं ठेवतात ते परत सोडता न येणारे, आणि पिल्लं उचलली तर आई इथंच घिरट्या घालणार, चिडलेली, तेव्हा धोका जास्त. हे बरोबर आहे आणि मला पटतं. पण मी रात्री सिमेंटच्या घरात झोपतो. तीनशे फुटांवर टोळीच्या पाचटाच्या कोप्या होत्या, दाराला नुसता साडीचा पडदा. त्या रात्री खात्यानं टोळीला शाळेच्या खोल्यांत झोपायला लावलं, ते चांगलं केलं. ते दरवेळी होतंच असं नाही.

१९ फेब्रुवारी

दुसऱ्या रात्री आली. ८:०५. क्रेटाभोवती एक चक्कर, मग खाली बसली, बराच वेळ नुसती उसाकडं बघत, आणि मग पंजानं क्रेट आडवा केला. एक पिल्लू मानेला धरून नेलं. अठ्ठावीस मिनिटांनी दुसरं. कॅमेरा यावेळी बरोबर उंचीला होता, पूर्ण दिसली, मिशांसकट. काकांना फोनवर व्हिडिओ दाखवला. दोनदा बघितला त्यांनी आणि म्हणले, "पोरं घेऊन गेली म्हणजे माझी शेळी आली का परत." मी काय बोलणार.

१४ मार्च

दुकानात असताना अनोळखी नंबरवरून फोन. डिसेंबरातल्या ताई. माझा नंबर गार्डकडून घेतलेला, टोळी आता दुसऱ्या गावात. "दादा, पिल्लं हायती. तवाच्यापेक्षा बी बारकी. हात लावला न्हाई कुणी." गाडी काढली. पोचेपर्यंत पाऊण तास.

तिथं मला करायला कामच नव्हतं. आठ सऱ्या उभ्या सोडलेल्या, टोळी दुसऱ्या टोकाला तोडतेय, कुत्रं बैलगाडीला बांधलेलं, आणि मुकादम स्वतः बांधावर बसून पोरांना हाकलतोय. दुर्बिणीतून बघितलं, वाघाटीची पिल्लं. जगातली सगळ्यात छोटी रानटी मांजर ती, पूर्ण वाढून पण दीड किलोच्या आतबाहेर. दोन होती. म्हणलं संध्याकाळपर्यंत थांबू, तर भर चारच्या उन्हात आई उसातून आली, पाठीवर गंजलेल्या रंगाच्या ठिपक्यांच्या ओळी, एक उचललं, गेली, परत आली, दुसरं नेलं. क्रेट माझ्या गाडीवर बांधलेलाच राहिला.

ताईंना विचारलं, आज किती गेलं तुमचं? "अर्धा टन तरी गेला आसंल." मग चहा दिला. अर्ध्या टनाचे पैसे भरपाईच्या कोणत्या हेडखाली मिळतील हे मी सेंटरला विचारलं, गार्डला विचारलं. असं हेडच नाही. शेळीला आहे, गाईला आहे. मी पाचशे रुपये दिले तर घेईनात, शेवटी लेकराच्या हातात दिले आणि त्यांच्या जुन्या फोनला नवीन बॅटरी टाकून दिली, दिवसभर चार्जिंग टिकत नव्हतं.

११ एप्रिल

कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे सीझन संपला. टोळ्या गावाकडं निघाल्या, ट्रकवर भांडी, कोंबड्या, खाटा, वर पोरं. कोप्यांच्या जागी नुसते काळे चुलीचे दगड.

पिल्लू १.९ किलो. पिल्लू कसलं आता, बोका आहे. मोठ्या पिंजऱ्यात टाकलाय, आत गवत आणि लाकडाचे ओंडके, भोवती हिरवं नेट म्हणजे माणूस दिसू नये. हाडासकट खायला द्यायला लागतं, कोंबडीची पिल्लं, उंदीर. नुसतं मांस दिलं तर कॅल्शियम कमी पडून हाडं वाकतात.

२७ जून

पाऊस सुरू. कॅमेऱ्यांवर शाम्पूच्या बाटल्या कापून छपरं केली. आतल्या कॅमेऱ्यात पहिल्यांदा शिकार मिळाली, म्हणजे नीट मिळाली. गवत हललं, बोका थिजला, कान पुढं, मागचा भाग हलवत चार सेकंद, आणि उडी अशी सरळ वर जाऊन खाली. उंदीर दोन्ही पंजांखाली. आधीच्या सात-आठ उड्या फुकट गेलेल्या आहेत कार्डावर, त्या पण ठेवल्यात.

२१ सप्टेंबर

रिलीज. वजन ४.२. खात्याची परवानगी ऑगस्टात आली, जागा धरणाच्या फुगवट्याकडची, गवत, झुडपं, पाणी, गावठी मांजरं-कुत्री कमी. जागेचं नाव लिहीत नाही. दहा दिवस तिथंच छोट्या पिंजऱ्यात ठेवलेला, त्या मातीच्या वासाची सवय व्हावी म्हणून. संध्याकाळी दोरीनं दार वर ओढलं आणि आम्ही निघालो. मला वाटलेलं तीरासारखा पळेल. रात्री २:१३ पर्यंत आतच बसला होता. मग डोकं बाहेर, मग परत आत, मग गेला.

५ ऑक्टोबर

पिंजऱ्यापाशी ठेवलेलं खाणं पहिल्या पाच रात्री त्यानंच खाल्लं, दिसतोय स्पष्ट. सहाव्या रात्रीपासून मुंगूस. आता खाणं बंद.

कार्डावर ४१२ फोटो. त्यातले जवळजवळ चारशे गवताचे, वाऱ्यानं हललं की सेन्सर ट्रिगर होतो, उन्हानं तापलेलं असलं की जास्तच. दोन कुत्री. एक गुराखी, लुंगी वर करून कॅमेऱ्याकडं वाकून बघतोय. आणि ३ तारखेला पहाटे ४:५० ला कडेला एक मागचा पाय आणि आखूड शेपूट, काळ्या कड्यांची. पाय ओला आहे. आपलाच असेल असं म्हणता येत नाही, तिकडं दुसरी पण असणारच. मॅडमला पाठवला, त्यांनी पण एक प्रश्नचिन्ह पाठवलं.

बॅटऱ्या बदलल्या. कॅमेरा दोन बोटं अजून खाली घेतला.